वेबसाइटचे पैसे दिले, पण ‘सातबारा’ कुणाच्या नावावर? छोट्या व्यावसायिकांकडून होतेय एकच चूक

कोल्हापूर : दसऱ्याला चुलवाण पेटलं, पहिला गूळ निघाला आणि आठवडाभरातच पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. खोक्यावरचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला तर जुगाराचं पान उघडतंय, हा काय प्रकार आहे? पन्हाळा तालुक्यातल्या या गुऱ्हाळमालकाने स्वतः कोड धरून बघितला. गिऱ्हाईक सांगत होतं तेच खरं होतं. गुळाच्या ढेपांचे फोटो, काकवीच्या बाटल्या, आजोबांचा बैलांच्या चरख्याजवळचा फोटो, सगळं गायब. त्या जागी पत्ते आणि पैशांची चित्रं. दिवाळीसाठी छापून आणलेली तीन हजार खोकी घरात रचून ठेवलेली, आणि प्रत्येक खोक्यावर तोच कोड आणि तोच पत्ता.

कुणी हॅक केलं म्हणावं तर तसं काहीच झालं नव्हतं. पत्त्याची वर्षाची मुदत संपली, नूतनीकरण कुणी केलं नाही आणि मोकळा झालेला पत्ता दुसऱ्याने रीतसर पैसे भरून घेतला. चोरी नाही की फसवणूक नाही. त्यामुळे पोलिसांकडे जाऊनही फारसं काही हाती लागण्यासारखं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात थेट विक्रीचं वारं आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा तर गावच्या कट्ट्यावरही एकच विषय होता : नाव आपलं, माल आपला, मग पैसा दुसऱ्याला का? सौद्यात गुळाला मिळणारा दर आणि पुण्या-मुंबईच्या दुकानातल्या एक किलोच्या डबीवरची किंमत यांच्यातलं अंतर सगळ्यांना दिसतं. मग कुणी गुळाची, कुणी चंदगडच्या काजूची, कुणी कृषी पर्यटनाची वेबसाइट करायला घेतो. हे काम मोठ्या कंपनीकडे जात नाही. ते जातं शहरात राहून सुटी कामं घेणाऱ्या एखाद्या पोराकडे, ज्याला फ्रीलान्सर म्हणतात. ओळखीतला असतो, स्वस्तात करतो, मराठीत बोलतो. यात चूक काहीच नाही. चूक पुढच्या पायरीवर होते.

नूतनीकरणाचे ईमेल गेले कुठे?

वेबसाइटचे तीन भाग असतात आणि तिन्ही वेगवेगळे असतात, हेच बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलं नसतं. पहिला पत्ता, म्हणजे डोमेन. डॉट कॉम किंवा डॉट इन लावून जे नाव येतं ते. दुसरं होस्टिंग, म्हणजे आपली पानं आणि फोटो ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात त्या जागेचं भाडं. तिसरं डिझाइन, म्हणजे पानांची मांडणी, जी पोरगं बसून तयार करतं. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर डोमेन म्हणजे जमीन, होस्टिंग म्हणजे तिथलं विजेचं कनेक्शन आणि डिझाइन म्हणजे बांधलेलं घर. घर कुणीही परत बांधून देईल. जमीन एकदा दुसऱ्याच्या नावावर गेली की खेळ खलास.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांसाठी नोंदवायचं असतं आणि मुदत संपायच्या आत पैसे भरून पुढे चालू ठेवायचं असतं. डॉट इनची नोंदवही निक्सी ही आपल्या देशातली संस्था सांभाळते, पण नाव आपण घेतो ते रजिस्ट्रार कंपनीकडून. साध्या नावाला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये लागतात. म्हणजे गुळाच्या एका रव्याच्या किमतीच्या आसपास.

पन्हाळ्याच्या या गुऱ्हाळाची वेबसाइट आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तयार झाली. बावीस हजार रुपये ठरले, रोख आणि फोन-पे मिळून दिलेही. डिझायनर शेजारच्या गावचा, पुण्यात शिकलेला. त्याने डोमेन घेतलं ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकून. मालकाला ईमेल बघायची सवय नव्हती, त्यामुळे हे सोयीचंच वाटलं. पुढे त्या पोराला बंगळुरूला नोकरी लागली आणि सुट्या कामांसाठी वापरायचा तो ईमेल त्याने उघडायचा बंद केला.

डॉट कॉमच्या बाबतीत नियम असा, की रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एकदा, आठवडाभर आधी एकदा आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत एकदा आठवण पाठवायची. तिन्ही ईमेल गेले असणारच. ते न उघडलेल्या पेटीत पडून राहिले. मुदत संपली म्हणून नाव लगेच जात नाही. आधी जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, तेवढ्यात नेहमीच्या दरात वाचवता येतं, मात्र काही कंपन्या याच काळात ते नाव लिलावालाही काढतात. त्यानंतर ३० दिवस असे, की जादा दंड भरून सोडवून घ्यायचं. शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव सगळ्यांसाठी मोकळं. जूनमध्ये मुदत संपली तर हा हिशोब गणपतीच्या आसपास येऊन थांबतो. नेमका तोच गुऱ्हाळ बंद असण्याचा काळ. पावसाळ्यात गूळ नाही, ऑर्डर नाहीत, वेबसाइट उघडून कोण बघणार? मधल्या अडीच महिन्यांत ती बंद होती हे कुणालाच कळलं नाही. उलट ऑगस्टमध्ये त्याच पत्त्याची खोकी छापून आली.

वापरात असलेली, लोक अधूनमधून उघडतात अशी नावं सुटताच उचलायला लोक टपलेले असतात. जुन्या नावावर येणारी गर्दी फुकटात मिळते, म्हणून जुगारवाले ती घेतात. परत मागायला गेलं तर किंमत ते सांगतील ती.

पोराची नियत खोटी नव्हती हे मालकही मान्य करतो. फोन केल्यावर त्याने उचलला, ओशाळला, चूक कबूल केली. पण बंगळुरूत बसून तोही काय करणार? इथे दोष माणसाचा कमी आणि व्यवहाराच्या पद्धतीचा जास्त आहे. गुऱ्हाळावर चासणी कधी उतरवायची हे गुळव्याच ठरवतो, त्यात मालक बोट घालत नाही. पण म्हणून गुऱ्हाळाचं लाइट बिल कुणी गुळव्याच्या नावावर घेत नाही.

फुकटाचीही हीच गत

वेबसाइटला खर्चच नको म्हणून अनेक दुकानदारांनी, लॉजवाल्यांनी गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट पान करून घेतलं होतं. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सगळी पानं बंद केली. काही महिने त्या पत्त्यावरून लोक प्रोफाइलकडे वळवले जात होते, जूननंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता बिलबुकावर आणि बोर्डावर रंगवून घेतला होता त्यांच्या बोर्डावर आज मेलेला पत्ता आहे. इन्स्टाग्रामचं खातं बंद पडलं तर दाद मागायला कुठे जायचं हेही कळत नाही. दुसऱ्याच्या जागेत टपरी टाकली की उठवणार कधी हे मालक ठरवतो. स्वतःचं डोमेन घ्यायचं कारण हेच, पण ते खरोखर स्वतःचं असेल तर.

यावर उपाय अवघड नाही. काम सुरू व्हायच्या आधी धंद्यासाठी एक वेगळा ईमेल काढायचा. रजिस्ट्रारकडे खातं त्या ईमेलवर, आपल्या नावाने, आपल्या मोबाइल नंबरवर उघडायचं. शिकलेली मुलगी किंवा सून घरात असेल तर तिला शेजारी बसवावं, अर्ध्या तासाचं काम आहे. पैसे आपल्या कार्डवरून किंवा यूपीआयवरून भरायचे आणि बिल आपल्या नावाचं घ्यायचं. शक्य असेल तर एकदम तीन-पाच वर्षांची नोंदणी करायची. डिझायनरला कामापुरता प्रवेश द्यायचा आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलायचा. ज्यांचं डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे त्यांनी संबंध चांगले आहेत तोवर आजच फोन करून ते आपल्या खात्यात बदलून मागावं. खातं वेगळ्या कंपनीत असेल तर ‘ट्रान्सफर कोड’ लागतो, तो जुन्या खात्यातून मिळतो. भांडण झाल्यावर हाच कोड मिळता मिळत नाही.

गुगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीलाही हेच लागू. तिथे ‘ओनर’ आपण असायचं आणि डिझायनरला ‘मॅनेजर’ करायचं. उलटं असेल तर गिऱ्हाइकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय दुसऱ्याच्या ताब्यात राहतात.

बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तर जास्त जपायला पाहिजे. तिथे वेबसाइट सचिवाच्या नाहीतर सीईओच्या खासगी ईमेलवर निघते. पुढे माणूस बदलतो, नवीन कारभाऱ्याकडे चाव्या, शिक्के, चेकबुक येतं आणि पासवर्ड जुन्याकडेच राहतो. कारभार सोपवताना दप्तराच्या यादीत डोमेन, होस्टिंग आणि ईमेल यांचीही नोंद हवी.

पैसे कुणाच्या खात्यात?

वेबसाइटवरून ऑर्डर घ्यायची तर पैसे घेण्याची सोय लागते. त्यासाठी पेमेंट गेटवे असतो. तो पॅन, बँक खातं आणि इतर कागद तपासूनच सुरू होतो, आणि प्रत्येक व्यवहारावर साधारण दोन टक्के अधिक जीएसटी कापून दोन-तीन दिवसांत पैसे जमा करतो. कागदांची कटकट नको म्हणून काही जण डिझायनरच्याच चालू गेटवेवर काम भागवतात. म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्याच्या खात्यात जाणार आणि मग तो आपल्याला देणार. हे कधीही करू नये. पैसे अडकण्याचा धोका आहेच, शिवाय ती उलाढाल त्याच्या पॅनवर दिसते आणि उद्या आयकराचा प्रश्न दोघांनाही येतो. रोजच्या दहा-वीस ऑर्डरच असतील तर आपल्या खात्याचा यूपीआय क्यूआर पुरे. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही.

बिलावर अठरा टक्के जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक मागावा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी घेता येत नाही. एसएसएल म्हणजे पत्त्यापुढचं कुलूप. त्याचे वेगळे चार-पाच हजार सांगितले तर साध्या वेबसाइटसाठी ते फुकटही मिळतं, हे माहीत असलेलं बरं.

थेट विक्री करणाऱ्याला कायद्याची काही बंधनं पाळावी लागतात आणि ती डिझायनरला माहीत असतीलच असं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वेबसाइटवर व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात. बंद पाकिटातल्या मालाचं निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता हे खोक्याबरोबर वेबसाइटवरही दिसलं पाहिजे, हा वजनमापाचा नियम २०१८ पासून आहे. हा मजकूर आपणच तयार करून द्यायचा. फोटोसुद्धा आपलेच द्यावेत. इंटरनेटवरून उचललेले फोटो लावले तर एक तर हक्काची नोटीस येऊ शकते, आणि दुसरं म्हणजे उत्तरेकडच्या गुळाच्या वड्यांचा फोटो कोल्हापुरी गूळ म्हणून लावला की जाणकार गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं. सकाळच्या उन्हात आपल्याच ढेपेचा काढलेला मोबाइलवरचा फोटो शंभर पटीने बरा.

‘पैसे दिले म्हणजे माझं झालं’ असं नसतं

हा मुद्दा बहुतेकांना पटत नाही, पण कायदा तसा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याने लिहिलेला कोड, केलेली मांडणी यांचा पहिला हक्क त्याचाच, पैसे तुम्ही दिलेले असले तरी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना वेगळा नियम आहे, ते सहसा पैसे देणाऱ्याचे होतात. बाकी कामाचा हक्क आपल्याकडे यायचा तर सहीनिशी लेखी हवं. त्यातही मेख आहे. मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त पाच वर्षांसाठी मिळतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. म्हणून कागदावर ‘कायमस्वरूपी आणि जगभरासाठी’ हे शब्द हवेतच.

ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभरच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा लागतो. वीस-पंचवीस हजारांच्या कामाला पाचशे जड वाटतील, पण मजकूर मात्र अर्ध्या पानाचा पुरतो. साधारण असा :

‘लिहून देणार डिझायनर याने लिहून घेणाऱ्यासाठी पाच पानांची, मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट अमुक तारखेपर्यंत करून द्यावी. मोबदला एकूण इतका. सुरुवातीला तीस टक्के, पहिला नमुना पसंत पडल्यावर चाळीस टक्के, वेबसाइट सुरू होऊन सर्व पासवर्ड आणि फाइल ताब्यात दिल्यावर तीस टक्के. डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे व गुगल प्रोफाइल ही खाती लिहून घेणाऱ्याच्या नावावर राहतील. दुरुस्त्या दोन वेळा विनामूल्य, त्यापुढील कामाचा दर इतका. पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाइन व कोडचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी लिहून घेणाऱ्याकडे जातील. वर्षाची देखभाल इतकी, त्यात अमुक कामे येतील.’

स्टॅम्पवर नको वाटत असेल तर एवढाच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर तरी घ्यावं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यात प्रमाणपत्र जोडून असे मेसेज कोर्टात दाखवता येतात. फक्त हक्काचं कलम तेवढं सहीच्या कागदावरच घ्यावं. ग्राहक आयोगाचा भरवसा ठेवू नये, कारण धंद्यासाठी घेतलेली सेवा त्या कायद्यातून वगळली आहे आणि तिथे पहिला वाद त्यावरच होतो. आगाऊ पैसे घेऊन फोनच बंद केला, नावही खोटं निघालं, अशी सरळ ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० ला लगेच फोन करावा.

पोरांचीही बाजू आहे

एकाच बाजूने बोलणं बरोबर नाही. सुटी कामं करणाऱ्या पोरांचं म्हणणं ऐकलं तर तिथेही रड आहे. मालक म्हणतो ‘तू बघून घे’, आणि फोटो, दर, मजकूर मागितला की दोन-दोन महिने देत नाही. वेबसाइट तयार झाली की मग घरातला प्रत्येक जण रंग बदलायला सांगतो. ‘आपल्या गावचाच आहेस’ म्हणून शेवटचे पाच हजार बुडतात ते कायमचे. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवण्यामागे कित्येकदा हीच भीती असते, की एकदा सगळं देऊन टाकलं तर उरलेले पैसे येणार नाहीत. टप्प्याटप्प्याने पैसे ठरवले की त्यालाही डोमेन अडवून धरायची गरज राहत नाही.

डिझायनर निवडताना त्याने नुकत्याच केलेल्या कामापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या वेबसाइट उघडून बघाव्यात. अजून चालू आहेत का? गावातल्या कमी रेंजमध्ये किती वेळात उघडतात? त्या मालकांना फोन करून डोमेन कुणाच्या नावावर आहे एवढं विचारलं तरी माणूस कळतो.

आणि सगळ्यांनाच वेबसाइट लागते असंही नाही. सगळा गूळ अडतीला घालणाऱ्याला तिचा काय उपयोग? वर्षाला पाच-पन्नास ओळखीची गिऱ्हाइकं असतील तर व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि गुगल मॅपवरची नोंद फुकटात होते, तेवढं पुरे. कुणी भेटायला येऊन ‘वेबसाइट नसेल तर धंदा बुडेल’ असं सांगत असेल तर त्याचाच धंदा चाललेला असतो. खोक्यावर, बोर्डावर पत्ता छापायचा असेल, परजिल्ह्यातून अनोळखी गिऱ्हाईक यावं असं वाटत असेल, पर्यटनाला खोल्या द्यायच्या असतील, तेव्हा ती लागते.

पन्हाळ्याच्या गुऱ्हाळमालकाने यंदा डॉट इनचं नवं नाव घेतलं. खातं मुलीच्या मदतीने स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि एकदम दहा वर्षांचे पैसे भरले. त्या पोराने बंगळुरूतून दोन रात्री जागून जुन्या फाइलवरून वेबसाइट परत उभी करून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. खोक्यांसाठी नवीन कोडचे स्टिकर छापून आणले. दिवाळीच्या तोंडावर घरातली चार माणसं आणि शेजारच्या दोघी जणी तीन रात्री ते चिकटवत बसल्या होत्या. त्याआधी बाहेर पडलेल्या खोक्यांचं मात्र काही करता आलं नाही.